भुजलीनं तुझं नाव घेतलं, त्याबद्दल

माय,

तुला वाचता येत नव्हतं, म्हणूनच हे लिहायचा धीर होतो आहे. येत असतं तर आजवर गप्प बसले तशीच पुढंही बसले असते. तुझी पोट्टी आता ऐंशीला टेकली. चंद्रपूरला, म्हणजे तुझ्या चांद्याला, मुलाच्या घरी तिसऱ्या मजल्यावर राहते. गुडघे गेले, कवळी पेल्यात असते, आणि दिवसभर करायला काही नाही. जन्मभर दुसऱ्यांच्या लेकरांना बाराखडी शिकवली, त्यात तुझी बोली माझ्या लिहिण्यातून गेली. तोंडात अजून आहे, सून हसते तिला. तर तुला एक गोष्ट सांगायची राहून गेली. राहून गेली कसली, मी सांगितली नाही. तुझ्या भुजलीचं डोकं हळूहळू रिकामं होत चाललं होतं, आणि ते सगळ्यांच्या आधी मला माहीत होतं.

आत्ताच का आठवलं म्हणशील. आठवलं नाही, ते कधी गेलंच नव्हतं. परवा नातीनं मोबाइलवर एक मालिका लावून दिली, कोरिया म्हणून दूरचा देश आहे, तिकडची. "आजी, यात सगळ्या तुझ्यासारख्या म्हाताऱ्याच आहेत, बघ," म्हणाली. मी म्हटलं, म्हातारी पाह्यासाठी मोबाइल कायले पाहिजे वं, आरसा आहे ना घरात. पण बसले पाहत. चार बाया, शाळेपासूनच्या मैत्रिणी, आता सत्तरीच्या. एकमेकींच्या घरी जाऊन सरळ भांड्यातलं काढून खातात, एकमेकींना वाट्टेल ते बोलतात, तोंड फिरवून निघून जातात आणि संध्याकाळी पुन्हा फोन करतात. त्यांना हिंदी बोलायला लावलं आहे, ओठ हलतात एक आणि ऐकू येतं भलतंच, पण भांडणं सगळी समजतात. पुढं त्यातल्या एकीला विसर पडायला लागतो. तर तिची पोरगी काय करते, त्याच दिवशी, रस्त्यात उभी राहून, आईच्या मैत्रिणीला फोन लावते. "मौसी, माँ को कुछ हो रहा है, आप आ जाओ." एवढंच. आणि ती मैत्रीण हातातलं टाकून निघते. मला असं रडू फुटलं की नात घाबरली. "अगं आजी, खोटं असतं ते, ॲक्टिंग असते," म्हणाली. मी म्हटलं, मालूम आहे बाई.

भुजली म्हणजे काय, हे मी नातीला समजावायला गेले तर तिला ते कळेना. बेस्ट फ्रेंड का, म्हणाली. कसं सांगू? तुम्ही दोघी एका गावच्या, दहा-दहा वर्षांच्या पोरी. राखीच्या दुसऱ्या दिवशी गावच्या पोरींनी परडीत वाढवलेले गव्हाचे पिवळे कोंब तलावात शिरवले, आणि त्यातले चार-चार कोंब काढून तुम्ही पाळीवर, तलावाच्या बांधावर, उभ्या राहून एकमेकींच्या कानावर खोवले. झालं. त्या दिवसापासून ती तुझी भुजली आणि तू तिची भुजली. सख्ख्या बहिणीपेक्षा जवळचं नातं, जातपात आडवी येत नाही, लग्नात साडी तिची, मरणात सुतक तिचं. आणि एकच नेम, की आता मरेपर्यंत एकमेकीचं नाव तोंडून काढायचं नाही. नाव काढलं की भुजली तुटली. मी तुझ्या पोटची, पण तुझ्या भुजलीचं नाव मला कितीतरी वर्षं माहीत नव्हतं. आम्ही लेकरं तिला भुजलीमायच म्हणत होतो. या कागदावरही मी तिचं नाव लिहीत नाही, तुझंही नाही. हात धजत नाही.

नशीब असं की तुम्हा दोघींना सासरही जवळजवळच मिळालं. आपण ढिवर, तलावाकाठी आपली चार घरं, बाप आणि काका जाळं टाकणारे. ती कुणब्याच्या घरची, पलीकडच्या गावात, चार बैलजोड्या, गुरांचा मोठा वाडगा, घरात दहा माणसं. मधे फक्त तलावाची पाळ. दर बुधवारी टोपलीतली पहिली मासोळी तू तिच्यासाठी बाजूला काढायचीस, पळसाच्या पानात बांधायचीस आणि मला धाडायचीस. "सीधी जाजो, सीधी येजो. आणि भुजलीले सांगजो, पोटात अंडी आहेत, आजच कर म्हणा." तिकडून तांदूळ यायचे, लाखोरीची डाळ यायची, कधी लोणचं. कुणी कधी भाव केला नाही, कुणी मोजलं नाही. मी तुझं शेंडेफळ, तुझे केस पिकायला लागल्यावर झालेली. मला आठवते तेव्हापासून तुम्ही दोघी पन्नाशीच्या आसपासच्या, आणि त्या काळी पन्नाशी म्हणजे म्हातारपणच. दोघींचे पुढचे दात पडले होते. ती आली की तू हसायचीस, एरवी आपल्या घरात तुझं हसू फार स्वस्त नव्हतं. माझा मोठा भाऊ हिवतापानं गेला तेव्हा ती तेरा दिवस आपल्या घरात तुझ्यासोबत जमिनीवर झोपली, हे तू मला शंभर वेळा सांगितलंस. मला तिचा हेवा वाटायचा, हेही आता सांगून टाकते. मी पाठीला चिकटले तर तू "सरक तिकडं, घाम येते" म्हणायचीस, आणि तिच्या मांडीला मांडी लावून दिवसभर बसायचीस.

मी अकरा वर्षांची असेन, त्या पावसाळ्यातली गोष्ट. बुधवारी मी मासोळी घेऊन गेले. भुजलीमाय ओसरीवर बसलेली. मासोळी घेतली, आत गेली, मोहाचा लाडू आणून हातावर ठेवला. तीळ-गूळ घालून कुटलेला, तिच्या हातचा. मी लाडू खात वाडग्याच्या मागच्या बाजूला गेले, तिथं त्यांची गाय व्याली होती, वासरू पाहिलं, आणि परसदारानं पुन्हा आत आले. तर ती म्हणाली, "आली काय वं माय? बस. घरची बरी आहे ना?" आणि आत जाऊन दुसरा लाडू घेऊन आली. मी घेतला. नाही कशाला म्हणू? मला वाटलं लाड करते. पण पुढच्या बुधवारी पुन्हा तसंच झालं, आणि त्याच्या पुढच्या बुधवारी मी मुद्दाम करून पाहिलं. पुढच्या दारानं बाहेर, मागच्या दारानं आत. "आली काय वं माय? बस." लाडू. पुन्हा बाहेर, पुन्हा आत. "आली काय वं माय?" एका दिवशी तीन लाडू खाल्ले मी, माय. तिसऱ्या वेळी हसू दाबता दाबता मला ठसका लागला, तर तिनं माझी पाठ चोळली, पाणी पाजलं आणि म्हणाली, "कोणाची पोरगी वं तू?" तेव्हा मात्र हसू थांबलं. मी म्हटलं, "भुजलीची." तिनं माझ्याकडं बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "हो हो, भुजलीची." पण तिला आठवलेलं नव्हतं. शाळेतलं न येणारं उत्तर आल्यासारखं करून पोरं मान हलवतात ना, तशी तिनं हलवली. पुढं मी मास्तरीण झाले तेव्हा ती मान रोज पाहिली.

घरी येऊन तुला सांगायला हवं होतं. पाळीवरून येताना सांगायचं ठरवलंही होतं. पण सांगायचं म्हणजे लाडवांचंही सांगावं लागणार, आणि तू मला चुलीतल्या लाकडानं फोडली असतीस. "म्हाताऱ्या माणसाची गंमत करते काय वं, भिकारचोट" असं काहीतरी. म्हणून नाही सांगितलं. पुढच्या बुधवारी पुन्हा दोन लाडू खाल्ले. असं दसऱ्यापर्यंत चाललं.

दसऱ्यानंतरचा मूल गावचा बाजार. तो मला आजही दिसतो. धान पोटरीला आलेलं, सगळीकडं हिरवंगार, माणसं खुशीत. तू मासोळीवाल्या बायांच्या ओळीत बसली आहेस, समोर ओली मासोळी, बाजूला सुकटीचा ढीग, मी माश्या हाकलते आहे. भुजलीमाय येते, सोबत तिची सून. तू तिला पाहून आधीच हसायला लागली आहेस, पदर सावरून जागा करते आहेस. ती समोर येऊन उभी राहते. बसत नाही. तुझ्याकडं पाहते, आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात तुझं नाव घेते. तुझं माहेरचं, पोरवयातलं नाव. "काय वं, कशी लावली मासोळी?" म्हणते. भाव विचारते. आजूबाजूच्या बायांचे हात थांबले. चाळीस वर्षांवर ज्या तोंडातून ते नाव निघालं नव्हतं, त्या तोंडातून निघालं, आणि वरून मासोळीचा भाव. तुझं हसू तोंडावर तसंच राहिलं, मग हळूहळू गेलं. तिच्या सुनेनं "चला बाई, चला" करून तिला ओढत नेलं. शेजारची एकजण म्हणाली, "पोरगा सरपंच झाला ना बाप्पा. आता ढिवरीण कशी भुजली राहीन?" मासोळी अर्धी राहिली तरी उठलीस. घरापर्यंतचे तीन कोस तू माझ्यापुढं चाललीस आणि एकदाही मागं पाहिलं नाहीस.

त्या बुधवारी पहिली मासोळी बाजूला निघाली नाही. "जाजो नको तिकडं," एवढंच म्हणालीस. तू आधीच अबोल बाई, त्यानंतर घरात नुसता चुलीचा आवाज. बाप एकदा म्हणाला, "अवो, जाऊन इचारून त ये, काऊन असं केलं म्हून." तर तू उसळलीस. "मी काहाले जाऊ? मी नाव घेतलं काय? चारचौघात मले ढिवरीण केली थिनं. भुजली तोडली थिनं, मी नाई तोडली. यायचं असन त थे येईन." त्या एका वाक्यावर तू चार महिने बसलीस. तुझा मान मोठा होता, माय, आपल्या झोपडीपेक्षा मोठा होता. आणि तो तसा नसता तर बरं झालं असतं, हेही मी आज म्हणते, रागावू नको.

आणि त्या दिवसांत तू माझी होतीस. बुधवारचा तो मोकळा वेळ तू माझे केस विंचरण्यात घालवू लागलीस. तुझ्या हाताला मासोळीचा वास यायचा आणि मला तो फार आवडायचा. एकदा विंचरता विंचरताच तू बोललीस, मला नाही, समोरच्या कुडाला. "काय झालं असन थिले? असी नोहती वं थे. काऊन असं केलं असन?" कंगवा माझ्या केसांत थांबला. मला उत्तर माहीत होतं. ती मला विसरते, लाडू दिलेला विसरते, ती तुलाही विसरली असेल, तिनं मुद्दाम नाही केलं. एवढीच तर वाक्यं. अकरा वर्षांच्या पोरीला जड नव्हती ती. मी म्हणाले, "माय, दुखते ना, हळू." तू पुन्हा विंचरायला लागलीस.

दिवाळीनंतर भुजलीमायची सून एकदा आपल्या दाराशी आली, तुला आठवत असेल. डोक्यावरून पदर, हातात तांदळाची टोपली. "भुजलीबाई, आमच्या बाईचं जरासं..." म्हणून सुरू केलं तिनं. तू पुढं बोलू दिलं नाहीस. "थिले सोताच्या पायानं येऊ दे," म्हणालीस आणि आत गेलीस. ती उभी राहिली थोडी. माझ्याकडं पाहिलं. तिच्या घरी कुणी म्हणत होतं बाहेरचं लागलं आहे, देवऋषी आणत होते, आणि मोठ्या घराची अब्रू म्हणून कुणाजवळ बोलत नव्हते, हे मला पुष्कळ नंतर कळलं. ती टोपली दारातच ठेवून गेली. तू ते तांदूळ कोंबड्यांना टाकायला लावलेस. टाकले मी.

मग शिवरात्र. मार्कंड्याची जत्रा म्हणजे आपल्या लोकांचे कामाचे दिवस. नदीच्या अलीकडच्या काठावरून लोकांना डोंग्यातून पलीकडं देवळाकडं न्यायचं, बाप आणि काका पहाटेपासून वल्हं मारत होते. तू रेतीवर तीन धोंडे मांडून उपवासाची रताळी उकडत बसली होतीस. काठावर रेंग्याच रेंग्या, हलक्या बैलगाड्या, सोडलेल्या, बैल, लेकरं, धूळ. दुपार कलली असेल. तेवढ्यात गलका झाला, भुजलीमायचा सरपंच पोरगा "बाई! ओ बाई!" अशा आईला हाका मारत रेंग्यांमधून पळतो आहे, मागं त्याची बायको, रडून चेहरा सुजलेला. भुजलीमाय हरवली होती. तू उठलीस. माझी खात्री आहे, उठायच्या आधी तू क्षणभरही विचार केला नाहीस, चार महिन्यांचा राग कुठल्या कुठं. हातातलं फडकं टाकलंस आणि पाण्याकडं पळालीस. गर्दीत नाही शोधलंस, पाण्याकडंच. मी तुझ्या मागं.

खालच्या अंगाला, जिथं डोंगे जात नाहीत, तिथं ती होती. लुगडं गुडघ्यावर खोचलेलं, मांडीपर्यंत पाण्यात, पुढं पुढं चाललेली. पुढं डोह आहे हे आपल्या लेकरांनाही माहीत होतं. तू काठावरून हाक मारलीस, "भुजली! ए भुजली!" ती वळली नाही. पुन्हा मारलीस. ती चालतेच आहे. पाणी कमरेला लागलं. मला कळत होतं ती का वळत नाही. ते नाव आता तिचं राहिलं नव्हतं, ती त्याच्या आधीच्या वयात जाऊन बसली होती. मी ते ओरडून सांगू शकले असते. मी उभी राहिले. सरपंच आणि चार माणसं धावत येत होती, पण लांब होती. आणि मग तू, ज्या बाईनं त्या एका नेमासाठी चार महिने जीव जाळला होता, तू सगळ्या काठासमोर तिचं नाव घेतलंस. पोरीला हाक मारावी तसं, लांबवून. ते नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

ती लगेच वळली. तोंडभर हसली, दात नसलेलं तोंड. तिनं तुझं नाव घेतलं आणि म्हणाली, "आली काय वं? किती येळ लावली! चाल ना, शिंगाडे काढू." तू पाण्यात शिरलीस, तिचा हात धरलास. म्हणालीस, "आज नाई. आज पाणी थंडं आहे. घरी चाल." ती शहाण्यासारखी तुझ्या मागं आली. काठावर येऊन तू रेतीवर बसलीस, ती उठलीच नाहीस. सून पाय धरून रडत सांगत होती, बाईंना काही आठवत नाही, वर्ष होत आलं. तू नुसती त्या म्हातारीकडं पाहत होतीस. ती रेतीत बोटानं रेघा ओढत होती. शेवटी तू म्हणालीस, "चार महिन्याआधी आली असती मी, त थिनं मले ओळखलं असतं." मी तुझ्यापासून हातभर अंतरावर उभी होते.

त्यानंतर तू रोज गेलीस, पाळीवरून, उन्हाळाभर. तिचं डोकं विंचरलंस, तिला भरवलंस, तिच्यासोबत दहा वर्षांची झालीस. ती तुला नावानं हाक मारी, तू तिला. तिच्या लेखी तुमची भुजली अजून बांधायचीच होती, लग्नं व्हायची होती, लेकरं व्हायची होती. एक दिवस तू तिच्याजवळ मोठ्या भावाची आठवण काढून पाहिलीस. "तेरा दिवस तू माझ्यापाशी झोपली होती, आठवते काय?" तर ती घाबरली. "कोन मेला वं? कोन मेला?" करून रडायला लागली. तू पुन्हा काही विचारलं नाहीस. घरी आल्यावर बापाला म्हणालीस, "आता सगळं माझ्याच एकटीच्या डोक्यात राह्यलं. खरं होतं का नाई, हे इचारू कोनाले?" मी ताट घासत होते. घासतच राहिले.

धान रोवण्याच्या दिवसात ती गेली. लोकं म्हणाली, नाव घेतलं ना एकमेकीचं, आता कायचं सुतक? तू ऐकलं नाहीस. दहा दिवस पाळलंस, तेल नाही, मासोळी नाही, जमिनीवर झोपलीस. दहाव्या दिवशी तलावावर डोक्यावरून पाणी घेतलंस आणि पायरीवर माझ्या बाजूला येऊन बसलीस. केसांतून पाणी गळत होतं. मग एकदम माझ्याकडं वळून म्हणालीस, "तूच त जात होती दर बुधवारी. तुले मालूम होतं काय वं, थिचं असं होऊन राह्यलं थे?"

मी म्हटलं, "नाई माय."

तू मान हलवलीस. "हो, लेकराले काय समजते," म्हणालीस, आणि ओला हात माझ्या पाठीवर ठेवलास. मारायला नाही, नुसता ठेवलास. बराच वेळ तो तिथं होता. माझं पोलकं भिजलं.

त्यानंतर तू सव्वीस वर्षं जगलीस. मी शिकले, नोकरी लागली, लग्न झालं, दोन बाळंतपणं तूच केलीस माझी. सांगायला किती जागा होत्या, मोजता येणार नाहीत. दर वेळी वाटे, आता कशाला, उगाच म्हातारीला त्रास. हे मी तुझ्यासाठी म्हणत नव्हते. मी माझ्यासाठी म्हणत होते. शेवटच्या आजारात तू एकदा तापात "भुजली, भुजली" करत होतीस, मी उशाशी होते. म्हणाले, "आहे ना, इथीच आहे." तू शांत झालीस. तेही खोटंच सांगितलं.

त्या मालिकेचे अजून पुष्कळ भाग राहिलेत, नात म्हणते शेवटी सगळ्या मैत्रिणी एकत्र राहायला जातात. पाहू दे तिला. मी हे पत्र कपाटात साड्यांच्या तळाशी ठेवते आहे, कुठं टाकणार दुसरं? वाटलं होतं, एकदा लिहून काढलं की मोकळी होईन. तसं काही झालं नाही. आणि आता जे लिहिते ते तर लिहिताना मलाच लाज वाटते. तू आज या दारात आलीस, अशीच ओली, आणि माझ्या पाठीवर हात ठेवून पुन्हा विचारलंस, तर मी पुन्हा "नाई माय" च म्हणेन. तो हात तू काढून घ्यावास, हे मला अजूनही सोसायचं नाही.